मलमलीतून लागलेली गाठ

“काही नाही. घरी पाठव,” असं म्हणून आमचे साहेब हात धुवायला बेसिनकडे वळले. साहेब नागपूरचे सर्जन, मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर, सांगलीची. जयपूरच्या त्या हॉस्पिटलात आम्ही दोघंच मराठी. टेबलावर बसलेल्या सुगनाबाईला मराठी कळत नव्हतं, पण साहेबांची पाठ कळली. उजव्या स्तनात गाठ आहे, असं ती दोन महिने घरी सांगत होती. सासूने कशीबशी एकदा पाठवली होती आणि नवरा बाहेर टांगा थांबवून उभा होता. आज ‘काही नाही’ ऐकून गेली, तर पुन्हा तिला कोणी आणणार नव्हतं.

एकोणीसशे साठ नुकतंच सरलं होतं. स्तनातली गाठ दाखवणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. होती ती बोटं. बोटांनी चाचपून तपासण्याला आम्ही पॅल्पेशन म्हणतो. पेशंटला आडवं झोपवायचं, हात डोक्यामागे घ्यायला लावायचा, म्हणजे स्तन फासळ्यांवर पसरतो. मग मधली तीन बोटं सपाट ठेवून हलके दाबत गोल फिरवायची. चिमटीत धरायचं नाही, कारण चिमटीत चांगलं मांसही गाठीसारखं लागतं. साहेबांनी तिला बसवूनच तपासलं होतं. ओपीडीची रांग दाराबाहेर गेली होती.

साहेब गेल्यावर मी तिला झोपवलं आणि सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. काही लागलं नाही. माझ्या बोटांचा मला भारी गर्व होता. मला माझाच राग आला.

“तुम्हें कैसे मिली?” मी विचारलं.

सुगनाबाई रजया बनवायची. पिंजलेल्या कापसाचा पातळ थर आणि त्याच्या वरखाली मलमल, ही जयपूरची रजई. कापसात एखादी सरकी राहिली की ती टोचते आणि रजई परत येते. ती सरकी हाताने शोधून काढणं हे हिचं रोजचं काम.

“नंगी रूई पे हाथ फेरने से बिनौला थोड़े ही मिलता है, डाक्टरनी जी,” ती म्हणाली. बिनौला म्हणजे सरकी. “ऊपर मलमल रखो.”

तिने आपली ओढणी उघड्या अंगावर पसरली आणि माझा हात धरून वर ठेवला.

कोरड्या कातडीवर बोट अडखळतं. मलमल बोटाबरोबर सरकते, त्यामुळे लक्ष कातडीवर न राहता खाली जातं. काखेच्या बाजूला, खोलवर, वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. मी बोटं मागे आणली. परत लागलं. कडक होतं आणि जागचं हलत नव्हतं. साधी गाठ बहुधा बोटाखालून निसटते. ही हटून बसली होती.

मी ओपीडीत गेले.

“सर, तिला पुन्हा एकदा बघाल?”

“बघितली मी, मिस पेंढसे.”

“मलमलीतून नाही बघितलीत.”

“तू इथे सर्जरी करून राहिली का रजया शिवून राहिली?”

“आधी बघा सर. मग रजयाही शिवते.”

साहेब आले, ते मला झापायच्या तयारीनेच. ओढणीवरून त्यांचा हात फिरला, एका जागी थांबला आणि बराच वेळ तिथून उठला नाही.

“टांगा परत पाठवायला सांग,” ते म्हणाले. “हिला ॲडमिट कर.”

गाठ काढून पॅथॉलॉजीला पाठवली. रिपोर्ट कॅन्सरचा आला. स्तन काढावा लागला, पण काखेपर्यंत काही पोचलं नव्हतं. मी जयपूर सोडलं तोवर सुगनाबाई दर हिवाळ्यात तपासायला येत होती. एका वर्षी तिने मला रजई दिली आणि सरकी शोधून दाखवा म्हणाली. मी दोन्ही हातांनी सगळी चाचपली. एकही सापडली नाही.

चूक झाली होती, असं साहेब कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या ड्रॉवरमध्ये मात्र धुतलेल्या मलमलीचा एक तुकडा कायम असायचा.

त्या गाठीचा मला आजही अभिमान आहे, जरी ती शोधली सुगनाबाईने. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी एक शिस्त लावली. ‘गाठ नाही’ असं लिहिण्याआधी पेशंटला विचारायचं, “तुम्हाला कशी सापडली? दाखवा.” तिचा हात तिथे दोन महिने असतो, आपला दोन मिनिटं.