ह्यांच्या गाडीचा मेसेज

आज सकाळचं आहे. लिहून मोकळी होतेय.

आमच्या डहाणूत हल्ली सकाळी स्टेशन रोडवर गाडी आणली की काचेवरच्या फास्टॅगमधून पैसे कापतात, गर्दी कमी व्हावी म्हणून. त्याच पैशांतून झाईची जादा बस सुरू झालीय. मी शाळेत तिनेच जाते.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. गाडी मी तेव्हाच तलासरीच्या भंगारवाल्याला दिली. तरी आठवडाभर ह्यांच्या फोनवर रोज नऊ वाजता मेसेज येतोय, ‘आपले वाहन स्टेशन रोडवर आले आहे.’ नऊ ही ह्यांची ड्युटीवर पोचायची वेळ.

आज बसमध्येच पर्समधला तो फोन वाजला. शेजारी सुकट विकणाऱ्या मावशी होत्या.

"कोणाचा फोन, बाई?"

"ह्यांचा."

त्यांनी सीटवरची टोपली खाली घेतली आणि आमच्या दोघींमध्ये एकाची जागा केली.

खिडकीबाहेर आमच्याच मॉडेलची एक गाडी बसच्या बरोबरीने चालली होती. रंग वेगळा, नंबर गुजरातचा. पुढची काच मात्र आमची. कोपऱ्यात लेकीने चिकटवलेलं फुलपाखरू, वर तो टॅग. भंगारवाल्याने काच काढून विकली असणार. काचेवर ऊन होतं, चालवणारा दिसला नाही.

टॅग बंद करायला मी फोन उघडला. तेवढ्यात दुसरा मेसेज आला, ‘शिल्लक संपत आली आहे.’

मी रिचार्ज केला.

तुम्ही बंद केला असता?