तुळशीबागेमागच्या पायरीवर भरलेल्या बांगड्या

मी ह्या भुताखेतांच्या ग्रुपवरच्या पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो, हे आधीच कबूल करते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे मी, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं खोटं ठरवण्याचाच पगार घेते. भूत, भास, करणी... ह्यातलं काही मला कधी पटलेलं नाही. त्यामुळे आज तुम्ही माझ्यावर हसलात तरी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण मला तुमची मदत हवी आहे.

आम्ही मूळचे अकोल्याचे. लग्नानंतर मी पुण्यात, वाघोलीला राहते. गेल्या वर्षी बाबा गेले. त्या दिवशी आमच्या आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, आईच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. आत्या स्वतः ऐन तिशीत विधवा झालेली, तिच्या लेखी रीत म्हणजे रीत. आमच्या घरात आई कुठल्या खोलीत आहे ते बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं, आणि आता तीच आई कोणी आलं की हात पदराखाली घ्यायची. त्यातच धाकटीचं, पल्लवीचं लग्न ठरलं, तर आईने फोनवर सांगून टाकलं — "मी मांगं बसीन. हळद तू लाव तिले."

माझं डोकंच फिरलं! स्वतःच्या पोरीच्या लग्नात आई मागे बसणार? भांडून काही होईना, म्हणून मी तिला इकडे घेऊन आले आणि एका शनिवारी म्हटलं, चल, तुला जुनं पुणं दाखवते, लग्नाची खरेदीही होईल.

सकाळ इतकी छान गेली म्हणून सांगू! कसबा गणपतीचं दर्शन घेतलं. तांबट आळीत तांब्याच्या हंड्यांवर हातोड्या पडत होत्या, तिथून ती हलेचना. मिसळ खाल्ली तर म्हणे, "बाप्पा, याच्यात तिखट टाकाले विसरले काय?" मंडईत घ्यायची नसलेली वांगी तिने घासाघीस करून निम्म्यावर आणली आणि नकोत म्हणून पुढे निघाली. मागून भाजीवाली म्हणाली, "काकू, उद्यापण या हां, आम्हाला दुसरं कामच नाही!" आई पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, जिंकले.

मग तुळशीबागेत बांगड्यांच्या दुकानात गेलो. पल्लवीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढता काढता दुकानदार म्हणाला, "आणि आईंना कोणत्या दाखवू?" आईचा हात आपसूक पुढे गेला, मी बघितलं. तेवढ्यात त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. "अं... नाही, राहू द्या. सॉरी हां काकू." माणूस वाईट नव्हता हो, ओशाळला बिचारा. पण आईचा हात परत पदराखाली गेला तो गेलाच. सकाळपासूनची सगळी मेहनत पाण्यात.

पाय दुखतात म्हणाली, म्हणून मागे मंडईच्या बाजूला एका बोळात तिला पायरीवर बसवलं. दुपारची वेळ, त्यामुळे शटर खाली, माणूस दिसत नव्हता. बोळ पुढे बंद आहे, एका भिंतीशी संपतो. आत जायला-यायला एकच तोंड, आणि त्या तोंडाशी उसाच्या रसाची गाडी. मी रस घ्यायला तिथे उभी राहिले. म्हणजे बोळात कोणी गेलं किंवा बाहेर आलं असतं तर मला खेटूनच गेलं असतं. कोणीही गेलं नाही.

ग्लास घेऊन वळले तर आई बंद शटरकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हात जोडलेले, मान खाली. आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायची पद्धत आहे. लहानपणापासून मी तिला तो नमस्कार करताना बघितलंय, म्हणून लगेच ओळखला. मग तिने हात खाली घेतले आणि मला आवाज आला.

हिरव्या काचेच्या बांगड्या. दोन्ही हात भरून.

"आई, हे... हे कोणी?"

"कासारीण होती ना इथं. आताच तं उठली. तुले दिसली नाई?" ती अगदी शांत होती. "तिनं हात हातात घेतला, दाबून पाह्यला. म्हणे, मोकळा सोड बाई, दुखत नाई."

"अगं पण तू तिला बाबांचं सांगितलं नाहीस?"

"तिनं इचारलंच नाई वं."

एवढं बोलली आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. मीही रडले, हातात रसाचे ग्लास तसेच धरून, येड्यासारखी.

दुकान उघडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. मालक आले. मी विचारलं, इथे बांगड्या भरणाऱ्या बाई बसतात का? त्यांनी वर बोट केलं. "पाटी वाचता येते ना? बॅगा. बांगड्यांसाठी समोर अख्खी तुळशीबाग पसरली आहे, ती नाही दिसली?" झालं, संपला विषय.

घरी नवरा म्हणाला, आईंनी हळूच विकत घेऊन घातल्या असतील. मी म्हटलं, ठीक आहे, काढून परत घालून दाखव. आईला संधिवात आहे, बोटांचे सांधे सुजून जाड झालेत. साबण लावला, खोबरेल लावलं, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बघितली, एकही बांगडी बाहेर येईना. पल्लवीसाठी घेतलेल्यातली एक, अगदी त्याच मापाची, आईला घालून बघितली, ती अर्ध्या हातावरच अडकली. नवऱ्याने तेलाची बाटली झाकण लावून जागेवर ठेवली.

लग्नाला अकोल्याला गेलो. बांगड्या भरायला कासार घरी आला, सगळ्या बायका ओळीने बसल्या. आईपाशी आला, हात बघितले, "काकूंच्या भरलेल्याच आहेत" म्हणाला आणि पुढे सरकला. आत्या समोरच बसली होती. तिने बघितलं. आता महाभारत होणार म्हणून मी पदर खोचूनच बसले. हळदीच्या वेळी आई उठली, कोणाला विचारलं नाही की काही नाही, आणि पहिली हळद तिने लावली. पल्लवी हमसून हमसून रडत होती. आत्या नुसती आईच्या हातांकडे बघत होती.

संध्याकाळी मात्र तिने मला सामानाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी उत्तरं तयार ठेवली होती, हो, एकेक चांगली झणझणीत. तिने माझं मनगट धरलं.

"थे बाई कुठं बसते वं?" तिने विचारलं. "मले नेशीन काय तिच्याकडं?"

नेते म्हटलं. तेव्हापासून दुपारची वेळ साधून किती वेळा त्या बोळात जाऊन बसले असेन. रसवाला ओळखायला लागलाय, बॅगवाले मालक तर मला बघून मान हलवतात. कोणी दिसलं नाही. हे काय होतं, कसं झालं, ते मला अजून कळलेलं नाही आणि खरं सांगू, आता ते जाणून घ्यायचंही नाहीये. मला फक्त ती बाई हवी आहे. तुमच्यापैकी कोणाला तिथे कधी दिसली असेल तर प्लीज कळवा.

आत्याला मी सांगितलंय, थंडीत ये, आपण जाऊ. परवा तिचा फोन आला. माझी चौकशी नाही, आईची नाही. हळू आवाजात एवढंच विचारलं, "हिरव्याच भरते ना वं थे?"

मी हो म्हटलं.