मोरीतली सवत

मी नाशिकची, सायन्सची पदवीधर. भूतखेत, करणी, उतारा... असलं कुणी बोललं की मला हसू यायचं. तरी हे लिहितेय, कारण इतक्या वर्षांत दुसरं कुठलंच उत्तर मनाला पटलेलं नाही.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी सिल्वासाला आले, टोकरखाड्यातल्या दोन खोल्यांत. हे धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर. यांचं हे दुसरं लग्न. पहिली, सुनंदा, बाळंतपणातच गेली होती. मागे राहिलेली पोर, पिंकी, तेव्हा तीन वर्षांची. सासूबाईंनी रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला — चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या सवतीला मान दिला की ती त्रास देत नाही म्हणे! आणि पिंकीला शिकवलं, "हिले मावशी म्हण. तुझी माय देवाघरी आहे."

खरं सांगते, मी जळायचे. फोटोतल्या बाईवर! पोरीचं न्हाणं-खाणं मी करायचं, आणि आई कोण, तर ती?

त्या उन्हाळ्यात पिंकीला सारखा ताप यायला लागला. सर्दी नाही, खोकला नाही. शूला बसवलं की किंचाळायची, पाय आवळून धरायची. सासूबाईंचं एकच — "तिची माय मागते काहीतरी. गावाले नेऊ, देवाले विचारू." इथले गुजराती डॉक्टर मात्र म्हणाले, "बेन, लघवीचं इन्फेक्शन वाटतंय. अंगावर काढलं तर किडनीला धोका. आधी नमुना आणा." झाकणाची छोटी बाटली दिली. पण पोरगी शू करेल तर ना! चुचकारलं, गाणी म्हटली, नळ सोडून ठेवला... छे! आणि सासूबाईंनी तर दुसऱ्या दिवशी तिला गावी, धुळ्याला न्यायचं ठरवूनसुद्धा टाकलं.

दुपारी पुन्हा पिंकीला मोरीत बसवून पाहिलं; शेवटी बाटली तिथल्या उंच फळीवर ठेवताना टाकाचा दोरा मानेला काचला आणि माझं डोकंच फिरलं. टाक काढला, खिळ्याला अडकवला. म्हटलं, "तुझी पोर आहे ना? मग बघ की तूच!"

ओट्याशी येते न येते तोच मोरीतून आवाज — "शूऽऽ... शूऽऽ..." बाईचा. हळू, लाडाचा. सासूबाई तर बाहेर पायरीवर शेजारणीशी बोलत होत्या, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. अंगावर काटा आला, पण त्याच्याही आधी आला राग. माझ्यासाठी एक थेंब नाही, आणि हिच्यासाठी लगेच?

धावत गेले. मोरीत पिंकी एकटी. हातात ती बाटली — भरलेली, आतली लघवी गढूळ, झाकण घट्ट लावलेलं. त्या फळीपर्यंत माझाच हात जेमतेम पोचायचा.

बाटली पुढे करून म्हणाली, "आई, घे."

"कोण आई गं?"

"तू. ती म्हणाली, जा, आईला दे."

इन्फेक्शनच निघालं. औषधाचा पूर्ण कोर्स केला, ताप गेला, धुळ्याला जाणंही राहिलं. पिंकी आता स्वतः दोन मुलांची आई आहे, तिला यातलं काही आठवत नाही. यांनी हसण्यावारी नेलं. पण बाटली खाली कशी आली, तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही.

टाक मी त्याच दिवशी परत गळ्यात घातला, अजून आहे. जळणं मात्र गेलेलं नाही. पोरीच्या तोंडून मी पहिल्यांदा "आई" ऐकलं, तेसुद्धा मेलीनं हिनेच शिकवलेलं!