मॅचआधीची आंबट बीअर

गेल्या ऑक्टोबरात सासऱ्यांच्या चेंबूरच्या बिल्डिंगची लिफ्ट बदलायला काढली. ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचा उजवा गुडघा जिन्यांना जुमानत नाही. सासूबाई घराचं काम बघायला गावी गेल्या होत्या, म्हणून सासरे तीन आठवडे आमच्याकडे बोरिवलीला राहायला आले. दुसऱ्याच दिवशी बायको मला म्हणाली, "बाबांना कुठेतरी घेऊन जा ना रे. सारखे बाल्कनीत उभे असतात."

त्या शनिवारी मला अंधेरीला जायचं होतं, आणि तेही बीअर निवडायला.

माझा कॉलेजपासूनचा मित्र अंधेरीत राहतो. आमच्या शहराचा फुटबॉल संघ जिथे खेळतो ते मैदान त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दोन वर्षं नोकरीसाठी अमेरिकेत राहून आल्यावर त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. तिकडे म्हणे लोक मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून बसतात, तिथेच भाजतात, खातात, बीअर पितात. पहिल्या वर्षी आम्हीही मैदानामागच्या गल्लीत गाडी लावून डिकी उघडली. वडे बाहेर काढतोय तोच एक हवालदार येऊन उभा राहिला. "पिकनिक काय?" एवढंच त्याने विचारलं. तेव्हापासून आम्ही सहा जण मित्राच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जमतो, आणि वेळ झाली की तिथून चालत मॅचला जातो.

मागच्या सीझनला बीअर मित्रानेच ठरवली होती. आयपीए नावाची, भयंकर कडू. तो एकटा वाहवा करायचा, बाकीच्यांचे ग्लास हळूच कुंडीत रिकामे व्हायचे. म्हणून या वर्षी ठरलं, की अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या ब्रुअरीत जाऊन सगळ्या चाखायच्या आणि सीझनभरासाठी एक पक्की करायची.

"बाबा, अंधेरीला जातोय. येता?"

"काय काम आहे?"

थाप मारायचं मनात होतं, पण तोंडातून खरंच निघालं. "बीअर निवडायची आहे."

लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांच्यासमोर हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "चला."

ब्रुअरीत लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आले. मित्र प्रत्येकाची कुळकथा सांगत होता. सासऱ्यांनी त्याला मध्येच थांबवलं. "बरोबर खायला काय असतं तुमच्या?"

"वडे, चिप्स वगैरे."

"मासो नाय?" ते म्हणाले. "आधी काय खातलास ता ठरवा, मगे पिवचा बघा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. माझ्याशी ते कायम मोजकं, ऑफिसच्या पत्रासारखं मराठी बोलत आले होते. त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच माझ्यासमोर ऐकत होतो.

मग त्यांनी एकेक ग्लास हुंगून, घोटभर घेऊन बाजूला सारायला सुरुवात केली. काळ्या बीअरला म्हणाले, "गार झालेली कॉफी." आयपीएला, "कडू औषध मी रोज घेतंय." गव्हाची बीअर त्यांना बरी वाटली. "पण लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखी. आली काय नि गेली काय."

शेवटचा ग्लास गुलाबी होता. तो मात्र त्यांनी पूर्ण संपवला.

"ह्येच्यात सोलां आसत."

"बरोबर काका, कोकम आहे," ग्लास आणून देणारी मुलगी खूश होऊन म्हणाली. "या प्रकाराला गोझे म्हणतात. मूळ जर्मनीतला. आंबट आणि किंचित खारट."

"जर्मनीत सोलां खयसून इली?"

ती हसायला लागली, आम्हीही हसलो. मग सासरे सहज सांगावं तसं सांगू लागले. लग्नाआधी सहा वर्षं ते गिरणीच्या टीममधून डावा हाफ खेळायचे, सुरुवातीला तर अनवाणीच. मॅच संपली की सगळी टीम परळला माडीच्या दुकानात. आंबट माडी आणि तळलेली मांदेली. लग्न झालं, सासूबाईंना माडीचा वास सोसेना, म्हणून सोडली. त्यामागे दुसरी काही गोष्ट नव्हती.

"तुमच्या मुलीला हे माहीत आहे?" मी विचारलं.

त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून.

मित्राला आंबट बीअर काही पटत नव्हती. "काका, सगळ्यांना नाही आवडणार हो ही." मग माझ्याकडे वळून, "तू बोल रे."

मी आणखी एक घोट घेतला. पहिल्या घोटाला विचित्र लागली होती, दुसऱ्याला तोंडाला पाणी सुटलं. "हीच," मी म्हणालो.

"जावई ना तू. वाट लागली सीझनची!"

मॅचच्या दिवशी सकाळी सासरे स्वतः बाजारात जाऊन मांदेली घेऊन आले. बायकोने ती रवा लावून तळली. तेवढ्यात गावाहून सासूबाईंचा फोन आला आणि सासऱ्यांनी आपण होऊन सगळं सांगून टाकलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"किती पिणार?"

"एकच ग्लास गो."

"बसून प्या. कठड्याजवळ उभं राहू नका."

गच्चीवर मित्राने स्वतःपुरती आयपीए आणून ठेवली होती. दोन मांदेली खाल्ल्यावर तो थांबला, आणि त्याने रिकामा ग्लास सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी तो काठोकाठ भरला. तासाभरात आम्ही आणलेल्या कोकमाच्या बीअरच्या दोन्ही मोठ्या बाटल्या संपल्या. आयपीएचं झाकणही कुणी उघडलं नाही.

पहिला हाफ सासऱ्यांनी हाताची घडी घालून बघितला. दुसऱ्या हाफमध्ये ते त्याच गुडघ्यावर जोर देऊन उभे राहिले आणि ओरडले, "डावीकडे सोड रे! मोकळो आसा तो!" खेळाडूने उजवीकडे पास दिला आणि बॉल गेला. आम्ही एका गोलाने हरलो. परतताना रिक्षात ते सगळा वेळ त्या एका पासबद्दल बोलत होते, अगदी खुशीत.

लिफ्ट झाली आणि ते चेंबूरला गेले. तरी घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला ते बस बदलून येत राहिले. तिसऱ्या मॅचला ब्रुअरीतलं कोकम संपलं होतं. गव्हाची आणली, तीही त्यांनी तक्रार न करता घेतली.

चौथ्या मॅचला बायकोही आली. खरं तर ती मॅचपेक्षा बाबांनाच बघायला आली होती. स्टँडमध्ये त्यांच्या शेजारी बसून तिने ऑफसाइड समजावून घेतला आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळायचात हे आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"विचारलंस खय?" ते म्हणाले. समोर कॉर्नर घ्यायची तयारी चालली होती. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि पुढे वाकून बघू लागले.