पाहुणी म्हणून सांगा

दिवाळीनंतर वडशात रिकामी खोली सापडत नाही. नाटक कंपन्यांची माणसं होळीपर्यंत इथंच असतात; गावोगाव प्रयोग करून सकाळी गाडीतून उतरतात आणि दुपारपर्यंत झोपतात. माझ्या घरामागं दोन खोल्या आहेत. एका हंगामात त्यातली एक मी नागपूरच्या नटीला दिली. पस्तिशीची बाई. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी.

पहिल्याच दिवशी तिनं आधारची झेरॉक्स आणि फोटो माझ्यासमोर ठेवला. "भाऊ, ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म द्या लागते ना?"

नियम तिला ठाऊक होता. मलाही होता. पण भाडेकरू कागदावर आला की घरटॅक्स वाढतो, हे मला जास्त ठाऊक होतं. म्हणालो, "राहू द्या हो बाई. कोणी विचारलंच, तर पाहुणी हाय म्हणून सांगा."

"मंग पाहुणचारही करा!" ती हसली.

झेरॉक्स आणि फोटो मी कपाटाच्या खणात टाकले.

जानेवारीत समोरच्या गृहस्थांनी ठाण्यात तक्रार केली. बाई रात्रभर बाहेर असते, सकाळी गाडीतून उतरते, म्हणे. नाटकाला पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारा हाच माणूस! त्याची चीड मी वर्षानुवर्षं जपली, कारण तेवढा वेळ स्वतःकडं पाहावं लागत नव्हतं.

हवालदार अकराच्या सुमारास आला. ती झोपेतून उठून बाहेर आली, कानामागं रंग तसाच. गल्ली गोळा झाली.

"इथी कोण म्हणून राह्यते?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी शिकवलेलंच बोलली. "पाहुणी हाय."

"पाहुणी? कोनाची वो? बाईची का भाऊची?"

गल्ली हसली. माझी बायको दारातून आत गेली.

"भाऊ, बोला ना," नटी म्हणाली.

बोलायचं एवढंच होतं, की ही माझी भाडेकरू आहे, फॉर्म मी भरला नाही. गुन्हा माझ्यावर आला असता. मी शाळामास्तर, नोकरीला भ्यालो. चपलेकडं पाहत म्हणालो, "ओळखीतल्या हायेत."

याहून घाण उत्तर मला सुचलं नसतं. हवालदारानं "समजलं" म्हणत मान डोलावली, खोली खाली करायला दोन दिवस दिले आणि गेला. कुठंही काही लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात आली. कंपनीतल्या कोणीतरी तिच्या घरी फोन केला होता. "सासू म्हणते, पोरीले तुह्यापाशी ठेवत नाई. एक कागद लिहून द्या भाऊ. मी भाड्यानं राह्यली, एवढंच."

आदल्या संध्याकाळीच मी ओळखीच्या वकिलाला विचारलं होतं. "काहीही लिहून देऊ नको," तो म्हणाला होता. "तुझ्याच सहीनं तू फसशील." कायदा म्हणून तो बरोबरच होता.

"नंतर पाहू बाई," मी म्हणालो.

तिनं बॅग उचलली. "पाहुणीले जाताना साडी देतात, भाऊ. मी तं कागदच मागून राह्यली."

त्यानंतर मी प्रत्येक भाडेकरूचा फॉर्म भरतो, अकरा महिन्यांचा करार करतो. लोक मला नियमाचा माणूस म्हणतात. ऐकून डोकं फिरतं.

तिचा पत्ता त्या झेरॉक्सवर होता. एवढी वर्षं माझ्याच खणात होता! यंदा खण उघडला. ती भाडेकरू होती, फॉर्म न भरण्याची चूक माझी, असं लिहून सही केली आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

लिफाफा परत आला. त्यावर शेरा होता, या पत्त्यावर राहत नाही.

"कोनाले धाडलं होतं गुरुजी?" पोस्टमननं विचारलं. समोरचे गृहस्थ ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "माह्या भाडेकरूले."

त्यांनी पान उलटलं.