आक्कांचा सहकुटुंब सिनेमा

सिनेमात रडायचा प्रसंग आला की आक्का पडद्याकडे बघायच्याच नाहीत. मान वळवून मागच्या रांगांकडे बघत बसायच्या. अंधारात कुणी पदर डोळ्याला लावलाय, कुणी नाक ओढतंय, हे त्यांना बघायचं असायचं. "बघ गं, केवढी माणसं रडालीत," त्या माझ्या कानाशी कुजबुजायच्या, "म्हंजे समद्यांच्या घरात हायच की काय तरी."

नोकरीसाठी मी निपाणीहून बेळगावला आले तेव्हा तिथल्या शहापूर भागात आक्कांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. खाली आक्का एकट्याच राहायच्या. घरामागे साड्या विणायच्या मागांची शेड होती. नवरा गेल्यावर दोन्ही मुलांनी शेडच्या मधोमध भिंत घातली. अलीकडे थोरल्या सुरेशचे माग, पलीकडे धाकट्या महेशचे. संसारही वेगवेगळ्या गल्ल्यांत. आक्कांना सकाळचा डबा एकाकडून यायचा, संध्याकाळचा दुसऱ्याकडून. पण भाऊ भावाशी बोलत नव्हता.

आक्कांना सिनेमा कौटुंबिकच लागायचा. मारामारीचा असला की "त्यात आपलं कोण हाय?" म्हणून विषय संपवायच्या. मराठी लागला नसेल तर कन्नडही चालायचा. "घरातलं भांडण कळायला भाषा कशाला पायजे?" असं त्यांचं म्हणणं.

एकदा असाच एक सिनेमा लागला. वाटणीवरून तुटलेले दोन भाऊ शेवटी आईसाठी एक होतात. गल्लीतल्या बायका बघून आल्या त्या डोळे सुजवूनच. आक्कांनी मला रविवारची चार तिकिटं काढायला लावली आणि दोन्ही मुलांना वेगवेगळं सांगितलं, "मला सोबत न्हाय रं, तू चल."

सुरेश वेळेवर येऊन आईच्या उजवीकडे बसला. महेश आला तो अंधार झाल्यावर. मी एक खुर्ची सरकले आणि तो डावीकडे बसला. आक्कांनी दोघांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. मध्यंतराला दिवे लागले आणि भावांनी एकमेकांना पाहिलं. मग महेश उठला.

"आई, हे तू बरं केलं न्हाईस."

"बस की रं. शेवट लई गोड हाय म्हणालीत."

"पिच्चरचा असंल," असं म्हणून तो निघून गेला. थोड्या वेळाने सुरेशही फोन आल्याचं सांगून बाहेर गेला, तो परतलाच नाही.

आक्का शेवटपर्यंत बसल्या. पडद्यावर भाऊ गळ्यात पडले, सगळं थिएटर हुंदके द्यायला लागलं. त्या दिवशी आक्कांनी मान वळवली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्यांचं बरं असतंय गं. तीन तासात मिटवायलाच लागतंय."

पुढे माझी बदली निपाणीला झाली. आक्कांचे गुडघे दुखायला लागले आणि थिएटर सुटलं. मग टीव्हीवरची मालिका आली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि मालिकेतल्या घरच्या खबरा कळायच्या. सून माहेरी गेली. सासऱ्यांनी बोलणं टाकलं. शेजारचीच माणसं असल्यासारखं त्या सांगायच्या. मी मालिका बघत नव्हते, तरी "मग काय झालं?" म्हणून विचारत राहायचे.

आक्का गेल्या त्याच्या आधीच्या रविवारीही फोन आला. आवाज अगदी हरखलेला होता.

"समदी एक झाली बघ. थोरला, धाकटा, सुना, पोरं, समदी एका पंगतीला बसली."

"आपल्या घरात, आक्का?"

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"न्हाय गं. मालिकेत."

ठेवू का फोन, म्हणून मी विचारलं.

"इतक्यात नको ठेवू," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस काय? काय केलतीस, ते सांग."