भट्टीच्या गालावरची तीट

"मामा, जालन्याला येतोस? ट्रेलरच्या मागून जायचंय," भाचीनं, केतकीनं विचारलं, आणि मी बॅग भरली. माणसं डोंगर बघायला जातात, मी भट्टीचं झाकण बघायला निघालो.

केतकी यंत्रांचं बाहेरचं रूप ठरवते. मिक्सर, पंखे सगळेच देखणे करतात. हिनं पोलाद शुद्ध करणारी भट्टी घेतली. नागपूरजवळ झाकणाचं कवच तयार झालं: घुमटासारखं, दुधाळ पांढरं, आणि जास्त धगीच्या बाजूला रुंद नारिंगी पट्टा, म्हणजे कामगार तिथून लांब राहतील. जालन्याचे मालक म्हणाले होते, "भट्टी काय नवरी आहे? चंदेरी फासा." शेवटी एवढंच कबूल झालं: आणून दाखवा, नाही पटलं तर फाटकातच चंदेरी मारू. वर्षभराचं काम त्या फाटकावर ठरणार होतं.

एवढा रुंद माल म्हणून ट्रेलर जुन्या रस्त्यानं, बैलगाडीच्या वेगानं. तुम्ही कारनं गेलात तर हाच प्रवास अर्ध्या दिवसाचा. कारंज्यानंतर सोयाबीनचे ढीग रस्त्याच्या कडेपर्यंत आलेले असतात. आरशात बघत चालवा.

शेलूबाजारला ट्रेलरचं चाक पंक्चर झालं. आलूबोंडा खात उभे होतो (तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत), तेवढ्यात गर्दी जमली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. विजेनं धग देणारे कार्बनचे खांब आत सोडायला झाकणाला तीन भोकं असतात; झाकण ट्रेलरवर कलतं उभं बांधल्यामुळे ती समोरून दिसत होती: दोन वर, एक खाली. दोन डोळे आणि एक वासलेलं तोंड. वर्षभर संगणकावर वरून पाहिल्यामुळे केतकीला हे कधी दिसलंच नव्हतं.

मिरच्या विकणारी एक आजी पुढं आली. "काहून व पोरी, एवढी गोरीगोमटी लेक उघड्यावर घेऊन चालली? नजर लागन ना!"

"आजी, ते मशीन आहे."

"मशीन असन. तोंड तं हाये ना?"

आणि केतकी पोचेपर्यंत आजीनं उतरवलेल्या चाकाच्या ग्रीसमध्ये अंगठा बुडवून झाकणाच्या डाव्या गालावर तीट लावली. गर्दीनं माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "आता कसं घरचं वाटून राह्यलं!"

मालेगावला जेवायला थांबलो. झुणका-भाकर आणि ठेचा, ताक वेगळं मागवावं लागतं. ड्रायव्हर गजाननभाऊ हात धुवायला गेले तेवढ्यात केतकीनं रॉकेलच्या बोळ्यानं तीट पुसून टाकली. गजाननभाऊ आले, गालाकडं पाहिलं, केबिनची किल्ली खिशात टाकली आणि परत बाजेवर बसले.

"पुसली ना तुमी? मंग घ्या, तुमीच चालवा."

"भाऊ, उद्या सकाळी मालक बघणार आहेत. डाग दिसला तर सगळं चंदेरी होईल!"

"मॅडम, लेकीले सासरी नेऊन राह्यलो. बिनतिटीची मी नाई नेत."

मी मध्यस्थी करून पाहिली. भाऊंनी मलाच विचारलं, "तुमाले पोरी हायेत का?" आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मंग कायले इच्यारता?"

अर्ध्या तासानं केतकी उठली. ग्रीस मागितलं. मग सवयीनं टेप काढून डोळ्याच्या कडेपासूनचं अंतर मोजलं, मागं जाऊन डोळे बारीक केले, आणि डाव्याच गालावर, पण बोटभर खाली, अगदी गोल तीट लावली. "आजीची जरा वर गेली होती," ती पुटपुटली. गजाननभाऊंनी गाडी सुरू केली.

सकाळी जालन्याच्या फाटकात मालकांनी झाकणाभोवती चक्कर मारली. नारिंगी पट्ट्याला बोट लावलं. केतकीनं माझा दंड धरला होता. मालक तिटीपाशी थांबले.

"ही कुणी लावली?"

"मी," केतकी म्हणाली.

रंगारी बादली घेऊन तयारच उभा होता. मालक त्याला म्हणाले, "जा तू. चंदेरीवर तीट काय दिसणार? पांढराच राहू दे. तो पट्टाही राहू दे."

पुढच्या दोन झाकणांचं कामही केतकीलाच मिळालं. त्यांच्या आराखड्यात आता बाण काढून लिहिलेलं असतं: 'तीट, काळी, डावा गाल.' धगीपासून माणसांना लांब ठेवणाऱ्या पट्ट्याबद्दल तिला अजून कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही.

घरी आल्यावर मी आमच्या पांढऱ्या फ्रिजकडे जरा वेळ बघत उभा राहिलो. त्याला तोंड नाही, म्हणून तूर्त सोडून दिलं. वॉशिंग मशीनचं मात्र ठरत नाहीये.